शेवटच्या रांगेतून वाचावा असा फलक

बाळकुमच्या खाडीपलीकडे भिवंडी. तिथं मागांवर कापड विणतात. अशा कापडावर हायस्कुलातल्या मुलांनी शाळेच्या समारंभाचा फलक रंगवायचा. कसा, ते आपण पाहू.

आधी शब्द थोडे घेऊ. १० फुटांवरून सहज वाचायला अक्षर १ इंच उंच हवं. शेवटची रांग ५० फुटांवर असेल, तर ५ इंच. मग खडूनं रेघा आखू. वर मात्रेला नि खाली उकाराला जागा सोडू. नाहीतर लिहायचं ‘मुले’ नि दिसायचं ‘मल’! पिवळ्या कापडावर काळा रंग लांबून उठून दिसतो.

शेवटच्या रांगेत नुकतीच अक्षरं शिकलेली आई बसलेली असते. फलक तिला स्वतःला वाचता आला पाहिजे. शेजारणीला विचारावं लागलं, तर चूक फलकाची, आईची नव्हे.