सॉफ्टवेअरचं नंतर, आधी डिस्कचं बोला

डीव्हीडीचा जमाना गेला असं सगळे म्हणतात, पण मिरजेतल्या आमच्या स्टुडिओत पिशवीतून डीव्हीडी घेऊन येणारी माणसं काही थांबलेली नाहीत. २००५ ते २०१५ च्या दरम्यान ज्यांची लग्नं झाली, त्यांचा व्हिडिओ बहुतेक वेळा फक्त डिस्कवरच उरलाय. कॅमेऱ्यातल्या टेपा शूटिंगवाल्याने पुसून पुढच्या लग्नाला वापरल्या. कॉम्प्युटरवरची फाइल जागा हवी म्हणून उडवली. राहिली ती गणपतीचं चित्र छापलेल्या डबीतली डिस्क, आणि ती आता हळदीपाशी येऊन अडकते.

येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, घरीच कॉपी करायची तर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नाही जमलं तर दुसरं घेता येतं. डिस्क चुकीची घेतली तर ते कळेपर्यंत पाच-सात वर्षं उलटलेली असतात, आणि मूळ डिस्कही तोवर गेलेली असते. म्हणून आधी डिस्कचं बोलू.

दुकानात मिळणारी सिनेमाची डीव्हीडी कारखान्यात साच्यावर दाबून काढतात. तिचे खळगे प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात. आपण राइट करतो ती डिस्क निराळ्या जातीची. पॉलिकार्बोनेटच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या, त्यांच्या मध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर आणि त्याच्यामागे चकाकणारा धातू. राइटरचा लाल लेझर हा रंग जागोजागी भाजतो आणि प्लेअर ते भाजलेले ठिपके वाचतो. म्हणजे तुमचं लग्न टिकून आहे ते एका रंगाच्या भरवशावर. (व्हिडिओतलं म्हणतेय मी.) ऊन, उष्णता आणि दमटपणा हे त्या रंगाचे वैरी. चिपळूण-रत्नागिरीकडून येणाऱ्या डिस्कची अवस्था जतच्या कोरड्या हवेत राहिलेल्या डिस्कपेक्षा बहुधा वाईट असते, हा माझा नेहमीचा अनुभव.

रंग सगळ्यांचा सारखा नसतो. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. व्हर्बॅटिमची अ‍ॅझो रंगाची डिस्क खालून गडद निळी-जांभळी दिसते आणि राइट केलेला भाग न केलेल्या भागापासून वेगळा, कडेला स्पष्ट रेघ असलेला दिसतो. तो रंग मला सगळ्यात भरवशाचा वाटत आलाय. जपानच्या ताइयो युडेनच्या डिस्क तितक्याच नावाजलेल्या होत्या. राइट करता येणारी सीडी याच कंपनीने १९८८ मध्ये आणली. २०१५ मध्ये तिने या धंद्यातून अंग काढून घेतलं. आपल्याकडे मोजर बेअर घरोघरी होती. २००७ मध्ये तिने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा पायरेटेड विकणारेही गांगरले होते. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. व्हर्बॅटिमचा धंदाही मित्सुबिशीने २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सला विकायला काढला. सांगायचा मुद्दा असा, की डब्यावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच ब्रँडच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघतो.

खरा बनवणारा कोण, ते डिस्कच सांगते. कोरी डिस्क राइटरमध्ये घाला, इमेजबर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि उजवीकडच्या माहितीत डिस्क आयडी बघा. तिथे एमसीसी ००४ असं दिसलं तर तो मित्सुबिशीचा अ‍ॅझो माल. मी पन्नासाचा डबा घेतला की पहिली डिस्क अशी तपासते. पुण्यात तापकीर गल्लीत सुटी, बिननावाची डिस्क वजनावर घेतल्यासारखी स्वस्त मिळायची. ती मी कधी लग्नाला वापरली नाही, भाऊजींच्या गाडीतल्या गाण्यांना वापरली.

आता प्लस आणि मायनस. डीव्हीडी-आर हे पायोनियरचं, डीव्हीडी+आर सोनी-फिलिप्सच्या गटाचं. टिकण्यात फारसा फरक नाही. जुना प्लेअर असेल तर मायनस घ्या. प्लसवर राइट करताना डिस्कची ओळख सिनेमाच्या डीव्हीडीसारखी नोंदवायची सोय काही राइटरमध्ये असते, तशी केली तर तीही जुन्या प्लेअरवर चालते. पण एक गंमत लक्षात ठेवा. दोन्हींवर ४.७ जीबीच लिहिलेलं असतं (कॉम्प्युटर ती ४.३८ दाखवतो, कारण त्याची मोजायची पद्धत वेगळी), तरी मायनसमध्ये ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात आणि प्लसमध्ये ४,७०,०३,७२,९९२. जवळजवळ सत्तर लाख बाइटचा फरक. काठोकाठ भरलेल्या मायनस डिस्कची कॉपी प्लसवर मारायला गेलात तर सॉफ्टवेअर "जागा नाही" म्हणतं आणि माणूस राइटरला शिव्या देतो.

डबल लेअर, म्हणजे ८.५ जीबीची डिस्क मी टाळते. महाग पडते आणि जुने प्लेअर थर बदलताना अडखळतात. त्यापेक्षा दोन साध्या डिस्क बऱ्या. पुसून पुन्हा लिहायच्या आरडब्ल्यू डिस्कवर आठवण ठेवूच नये.

सॉफ्टवेअरकडे येऊ. लोक बहुधा काय करतात? विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की तो विचारतो, ही पेन ड्राइव्हसारखी वापरायची की प्लेअरसाठी? लोक पहिला पर्याय निवडतात, व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर ओढून टाकतात, कॉम्प्युटरवर चालतं म्हणून खूश होतात, आणि घरच्या प्लेअरवर डिस्क चालत नाही. फाइली बरोबर असतात. डिस्कवरची मांडणी प्लेअरला कळणारी नसते. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची एकच आयएसओ फाइल काढायची आणि ती जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. मेनू, गाणी, चॅप्टर सगळं जागच्या जागी येतं. इमेजबर्नमध्ये हे दोन बटनांचं काम आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, पण डीव्हीडीही तेव्हापासून बदललेली नाही, त्यामुळे चालून जातं. फक्त इन्स्टॉल करताना "पुढे, पुढे" अशा टिचक्या मारत सुटू नका. सोबत भलतंसलतं चिकटवून देतात, ते वाचून नाकारा. लिनक्सवाल्यांना केथ्रीबी आहे. नीरो विकत घ्यायची गरज मला तरी कधी वाटली नाही.

राइट करताना सोळा एक्स लिहिलेल्या डिस्कला मी आठ एक्सचा वेग देते. आठ-दहा मिनिटांत काम होतं. "जितकं हळू तितकं पक्कं" हा समज जुना आहे. सोळाच्या डिस्कचा रंग एक किंवा दोनच्या वेगासाठी बनवलेलाच नसतो. आणि व्हेरिफायच्या चौकटीतली खूण काढायची नाही. राइटिंग संपल्यावर सॉफ्टवेअर डिस्क पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून बघतं. त्यात वेळ जातो, म्हणून लोक तेवढंच गाळतात.

मूळ डिस्कच खराब असेल तर खेळ बदलतो. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथल्या एका वर्षाच्या खासगी रेकॉर्डिंगची डिस्क एक काका घेऊन आले होते. "ताई, एवढा मारवा वाचवा हो." डिस्कच्या बाहेरच्या कडेला बोटभर पट्टा धुरकटलेला. विंडोजने कॉपी करायला गेलं तर तो एका खराब जागेपाशी अडतो आणि अख्खी फाइल टाकून देतो. डीव्हीडीवर व्हिडिओ एकेक जीबीच्या तुकड्यांत असतो, म्हणजे चिमूटभर बिघाडापायी एक जीबी गेली. अशा वेळी डीडीरेस्क्यू लागतं. लिनक्सवरचं आहे, काळ्या खिडकीत कमांड टाइप करावी लागते, दिसायला रुक्ष. पण ते आधी चांगला भाग भराभर उचलून घेतं, अवघड जागा मागे ठेवतं आणि कुठे काय राहिलं त्याची एका छोट्या फाइलीत नोंद ठेवतं. मग त्या जागा पुन्हा पुन्हा वाचतं. खरी करामत त्या नोंदीची. डिस्क दुसऱ्या राइटरमध्ये घातली, तीच नोंद दाखवली, की पहिल्याला न जमलेल्या जागांवरच दुसरा काम करतो. काकांच्या डिस्कला एका जुन्या डेस्कटॉपमधल्या राइटरने बराच हात दिला. जे उरलं ते काही ठिपके. डीव्हीडीवर दुरुस्तीचा गठ्ठा ३२ किलोबाइटचा असतो, म्हणजे व्हिडिओतला सेकंदाचा साधारण विसावा भाग. चित्र मात्र अर्ध्या सेकंदाच्या हिशेबाने साठवलेलं असल्याने तेवढा वेळ चौकोन चौकोन दिसतात. "चित्र राहू दे," काका म्हणाले, "तान तुटली नाही ना?" एके ठिकाणी तुटली होती. तीही त्यांनी चालवून घेतली.

सिनेमाच्या डिस्क घेऊनही लोक येतात. त्यांच्यावर सीएसएस नावाचं कुलूप असतं, आणि इमेजबर्न ते उघडत नाही. उघडणारी सॉफ्टवेअरं आहेत, ती कुठली ते मी सांगत बसत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५ अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून स्टुडिओत मी फक्त घरची, स्वतःची रेकॉर्डिंग घेते. लग्नाच्या डीव्हीडीत मागे वाजणारी सिनेमाची गाणी हा विषय वेगळा, त्यावर कुणी मला विचारू नये.

प्रत झाली की तिच्यावर कागदी स्टिकर लावू नका. डिस्क वेगाने फिरताना तो तोल बिघडवतो आणि पुढे त्याचा गोंद सुटतो. पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर नाव लिहा. डबीतून काढताना मधलं बटन दाबून काढा, डिस्क वाकवून ओढू नका, नाहीतर चिकटवलेल्या दोन चकत्या कडेने सुटू लागतात. डबी पुस्तकासारखी उभी, टीव्हीपासून लांब, अंधाऱ्या कपाटात. आयएसओ फाइल हार्ड डिस्कवरही ठेवा, मुलगी पुण्यात असेल तर तिच्याकडेही एक.

हे सगळं करायला राइटर लागतो आणि नव्या लॅपटॉपला तो नसतो. यूएसबीचा बाहेरचा घ्या, पण तो हबमध्ये न लावता सरळ लॅपटॉपला लावा. वीज कमी पडली की चांगली डिस्कही मध्येच बाद होते. दोन तोंडांची वायर सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. जुना डेस्कटॉप भंगारात देणार असाल तर त्यातला राइटर आधी काढून ठेवा.