मठाराचा मार

आपल्या पेणच्या कासार आळीत गेलात, तर नाव कासारांचं आणि कारखाने गणपतींचे! शाडू, साचे, रंगांचे डबे. तांब्यावरची हातोडी मात्र औषधालाही नाही. ती ऐकायची तर खोपोलीवरून घाट चढून पुणं गाठायचं आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरायचं. पेशवाईत आपल्या कोकणातूनच वर गेलेल्या त्वष्टा कासारांची घरं तिथे अजून तांबं ठोकतात. राजा केळकर संग्रहालयातही जुनी भांडी फार सुंदर आहेत, पण ती काचेआड गप्प बसलेली. म्हणून नातवंडांना मी आधी आळीतच नेलं. इथे तिकीट नाही, पाटी नाही, आणि कानांत बोटं घालून बघावं लागतं.

एक कारागीर घंगाळ घडवत बसले होते. समोर तांब्याची गोल चकती, खाली लोखंडी आधार, एका हाताने चकती फिरवायची आणि दुसऱ्याने ठोके. सपाट पत्र्याला हळूहळू पोट सुटत गेलं. मग आवाज बदलला. आधीचा बद्द ठोका टणटणीत वाजू लागला, आणि कारागीर थांबले. “आता हे ऐकायचं नाही,” म्हणाले. पत्रा कडक झाला होता. आणखी मारला असता तर तडकला असता.

त्यांनी तो भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवला आणि चिमट्याने धरून थेट पाण्यात घातला. चर्र झालं, वरचा काळा पापुद्रा सुटला आणि आतून गुलाबीसर तांबं निघालं.

“आता आणखी कडक झालं असेल,” नात म्हणाली. “लोहार कोयता असाच तर बुडवतो!”

कारागिरांनी हसून पत्र्याची कड तिच्या हातात दिली. तिने अंगठ्याने दाबली, तर ती चक्क वाकली.

आता गोष्ट पत्र्याच्या पोटातली. तांब्याचे अणू रांगा करून, थरावर थर बसलेले असतात. या थरांमध्ये जागोजागी रांग चुकलेली असते. मोठी सतरंजी एका दमात ओढायची तर चार माणसं लागतात; पण तिला एक सुरकुती पाडून ती पुढे पुढे ढकलत नेली, तर एकटं पोरही सतरंजी सरकवतं. तांबं वाकतं ते असंच. अख्खा थर एकदम घसरत नाही, चुकलेली रांग एकेक घर पुढे जाते. पण प्रत्येक ठोक्यागणिक अशा नव्या सुरकुत्या पडतात, एकमेकींत अडकतात, आणि मग कुणालाच हलता येत नाही. पत्रा कडक झाला म्हणजे एवढंच झालं.

तापवलं की अणूंना हालचालीचं बळ येतं. सुरकुत्यांनी गुंतलेले जुने कण, म्हणजे पत्र्यातले बारीक स्फटिक, जाऊन त्यांच्या जागी नवे, नीट रांगांचे कण वाढतात. तांबं पुन्हा मऊ! हे काम भट्टीतच उरकलेलं असतं; नंतर पाण्यात बुडवा नाहीतर वाऱ्यावर ठेवा, फरक पडत नाही. कोयत्याच्या पोलादात थोडा कार्बन असतो. ते झटकन थंड केलं की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आत अडकतो आणि पातं कडक होतं. तांब्यात असला पाहुणाच नाही.

ठोकायचं, तापवायचं, पुन्हा ठोकायचं, असं करत घंगाळ उभं राहिलं. शेवटी आलं मठारकाम. गुळगुळीत, चकचकीत तोंडाची हातोडी घेऊन कारागीर एकाला एक लागून ठोके मारत गेले, आणि प्रत्येक ठोक्याची चमकती टिकली उमटत गेली. दुकानातली माणसं तिला नक्षी म्हणून पैसे मोजतात. मला विचाराल तर तिचं खरं मोल कडकपणात आहे. मऊ घंगाळाला पहिल्याच आपटीत पोचा येईल. मठाराचा मार खाल्लेलं निभावून नेतं. म्हणून मठारल्यावर ते पुन्हा भट्टीत जात नाही.

शेजारी बंब होते. मधल्या नळीत नारळाची सोडणं नि करवंट्या पेटवायच्या, भोवती पाणी. तांबं उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा सुमारे २५ पट सहज वाहून नेतं, त्यामुळे नळीतला जाळ भराभर पाण्याला पोचतो.

न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ पासून उभी असलेली स्वातंत्र्यदेवीसुद्धा ओतीव नाही. सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचे तांब्याचे पत्रे ठोकून तिचं अंग घडवलंय. हवेने ती हिरवी झाली, आणि तो हिरवा थरच आतलं तांबं राखतो. स्वयंपाकात मात्र हिरवं नको. कल्हई नसलेल्या तांब्यात आमसुलाची कढी ठेवली, तर आंबटाने तांबं विरघळून कढीत उतरतं, आणि मग उलट्या. म्हणून आतून कथिल. ते २३२ अंशांनाच वितळतं. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, मळ सुटतो, आणि कापसाच्या बोळ्याने कथिल सगळीकडे फिरवता येतं.

परतताना धाकट्याला मी आणखी एक गंमत सांगितली. आपलं रक्त लोहामुळे लाल. पण धरमतरच्या खाडीतल्या चिंबोरीच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं. तांब्याचे दोन अणू मिळून प्राणवायूचा एक रेणू धरतात, आणि तो धरला की रक्त निळसर दिसतं. कोळंबीचंही तसंच.

त्याने खोपोलीपर्यंत विचार केला. “मग आजी चिंबोरीच्या रश्शात कोकम घालते ते? कल्हई कुठाय?”

म्हटलं, चिंबोरीतलं तांबं अगदी थोडं, आणि आपल्याही शरीराला रोज साधारण एक मिलिग्रॅम लागतंच. पण रस्सा टोपात करायचा, घंगाळात नाही!