गाळ उपसला, पुढे काय?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत नालेसफाईची लगबग सुरू होते. किती टन गाळ उपसला, याचे आकडे महानगरपालिका प्रसिद्ध करते. परंतु तो गाळ जातो कोठे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते या कामाची खरी कसोटी तेथेच आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदीने शहरात हाहाकार उडविला. तेव्हापासून या सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या नदीचा गाळ काढणे हे जणू वार्षिक व्रतच झाले आहे. गाळ काठावर निथळू द्यावयाचा, काट्यावर तोलावयाचा आणि शहराबाहेरच्या जमिनीवर नेऊन टाकावयाचा, असा हा क्रम होय. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशातील सुमारे ६५ कोटी रुपयांच्या कथित अपहाराचा गुन्हा नोंदविला. गाळ टाकण्याच्या जागांचे करारनामेच बनावट होते, असा त्यातील एक आरोप आहे. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम; पण गाळाच्या अखेरच्या मुक्कामावर कोणाची नजर होती, हे विचारण्याचा हक्क नागरिकांस निश्चितच आहे.

धरणातील गाळाची गोष्ट निराळी. २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आरंभिली. तो सुपीक गाळ शेतकरी आपल्या शेतात पसरतो. शहराच्या नाल्यातील गाळात मात्र सांडपाणी, प्लास्टिक आणि कारखान्यांची रसायने मिसळलेली असतात. तो उघड्यावर पडला, तर पावसाबरोबर त्यातील विष विहिरींत आणि भातखाचरांत उतरण्याचे भय असते. सखल खाजणात टाकला, तर पाणी सामावून घेणारी जागाच बुजते आणि शहराचा पूर खेड्याच्या वाट्याला जातो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, उपसा सुरू होण्यापूर्वी जागेचा सर्व्हे क्रमांक जाहीर व्हावा, गाळाची रासायनिक तपासणी व्हावी, ग्रामसभेची संमती घेतली जावी, आणि गाळ जागेवर पोहोचल्याची खातरजमा झाल्यावाचून देयक चुकते होऊ नये. आपल्या अंगणातील केर शेजाऱ्याच्या दारात लोटणे, यास कोणीही सुज्ञ माणूस स्वच्छता म्हणणार नाही.