सोपाऱ्याचे भान

'माइंडफुलनेस' या शब्दाला मराठीत काय म्हणावे यावर अजून एकमत नाही. कोणी सजगता म्हणतात, कोणी सचेतनता, कोणी अवधान. मला वाटते, आपल्याकडे त्यासाठी घरातलाच एक शब्द आहे: भान. चक्कर येऊन पडलेला माणूस भानावर येतो, गाण्यात रमलेल्याचे भान हरपते. इथपर्यंत हा शब्द ज्याच्या त्याच्या मनापुरता आहे. पण 'आत आजी झोपल्यात, जरा भान ठेवून बोल' असे आपण म्हणतो, तेव्हा ते भान दुसऱ्याचे असते. मराठीने स्वतःच्या मनाची जाग आणि शेजारच्या माणसाची जाणीव या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात ठेवल्या आहेत. आज योगवर्गांतून, मोबाइलवरच्या ॲपमधून आणि कंपन्यांच्या शिबिरांतून जे शिकवले जाते, त्यात पहिले भान पुष्कळ आहे, दुसरे फारच थोडे. ही दोन भाने एकमेकांपासून तोडता येतात का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी शोधले ते मी राहतो त्या वसईपासून जवळच, सोपाऱ्यात.

नालासोपारा म्हटले की आज गर्दी, चाळी आणि पावसाळ्यात तुंबलेले रस्ते आठवतात. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली झाली. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. या शहराच्या पोटात शूर्पारक नावाचे प्राचीन बंदर आहे. रेल्वेच्या पश्चिमेला सोपारा गावात 'बुरूड राजाचा कोट' नावाचे एक टेकाड होते. एप्रिल १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. पेटीतल्या तांब्याच्या करंडकात चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे एकात एक करंडक ठेवलेले होते. भोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती होत्या, आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंडकात खापराचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असे मानले गेले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

योगायोग असा की, आदल्याच वर्षी, १८८१मध्ये, पाली भाषेचे अभ्यासक टी. डब्ल्यू. रीस डेव्हिड्स यांनी बौद्ध सुत्तांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि 'सति' या पाली शब्दासाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती. म्हणजे मूळ शब्दात केवळ 'आत्ताचा क्षण' नाही, आठवण ठेवणेही आहे: आपण काय करायचे ठरवले होते, कसे वागायचे होते, याची आठवण. आज जगभर फिरणाऱ्या या शब्दातून ही छटा बरीचशी गळून पडली आहे.

सोपाऱ्याचा या सतीशी संबंध केवळ स्तूपापुरता नाही. 'उदान' या पाली ग्रंथात बाहिय दारुचीरिय नावाच्या तपस्व्याची कथा येते. तो सुप्पारकात, म्हणजे आपल्या सोपाऱ्यात, समुद्रकिनारी राहत असे. अट्ठकथा सांगतात की, जहाज फुटल्यावर तो कसाबसा किनाऱ्याला लागला आणि अंगावर लाकडाच्या ढलप्या-साली बांधून गावात शिरला. लोकांना तो कोणी मोठा सिद्धपुरुष वाटला. त्याला मान मिळाला, अन्न मिळाले. मग त्याच्या मनात आले, आपण खरोखरच मुक्त आहोत का? पूर्वजन्मीच्या नात्यातल्या एका देवतेने त्याला स्पष्ट सांगितले की नाही, आणि मुक्तीची वाटही तुला ठाऊक नाही. बाहिय तडक श्रावस्तीला निघाला. बुद्ध तेव्हा भिक्षेला बाहेर पडले होते. ही वेळ नव्हे, असे त्यांनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा मात्र रस्त्यातच थोडक्यात उपदेश केला. त्याचा आशय असा की, जे दिसते ते दिसण्यापुरतेच राहू द्यावे, जे ऐकू येते ते ऐकण्यापुरते. त्यावर 'मी'ची भर घालू नये. तेवढ्याने बाहिय मुक्त झाला आणि थोड्याच वेळात वासराच्या गायीने मारल्यामुळे मरण पावला. ध्यानाच्या आजच्या वर्गांतून हा उपदेश वारंवार सांगितला जातो. पण तो ऐकणारा माणूस विरार लोकलच्या मार्गावरचा होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

या कथा मी इतिहासाचा पुरावा म्हणून वापरत नाही. सोपाऱ्याच्या नावाशी परंपरेने कोणता विचार जोडून ठेवला, एवढेच मला त्यांतून पाहायचे आहे.

बाहियाच्या उपदेशाचा अर्थ मला पुस्तकापेक्षा गाडीत अधिक कळला. विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. तेव्हापासून किती पिढ्यांनी या मार्गावर धक्के खाल्ले असतील! मीही नोकरीची बरीच वर्षे वसई ते चर्चगेट केले. डब्यात पाठीत कोपर लागते. लागणे ही एक संवेदना. ती क्षणात जाते. पण मन लगेच भर घालते: याने मुद्दाम मारले, मला मारले, याला दाखवतोच. भाईंदर येईपर्यंत कोपर कधीच निघून गेलेले असते, भांडण मात्र चालू असते. कोपर आणि ही भर यांच्यामधली फट दिसणे, हेच बाहियाला शिकवलेले भान. ते खरोखर उपयोगी आहे.

आधुनिक वैद्यकानेही ते तपासून पाहिले. १९७९मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. २०१४मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा, एकूण ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा असलेली थोडी सुधारणा आढळली. मात्र औषधे किंवा व्यायाम यांसारख्या उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचे दिसले नाही. म्हणजे ही जादू नाही आणि थोतांडही नाही.

पण सोपाऱ्याची परंपरा बाहियापाशी थांबत नाही. दुसरे नाव आहे पूर्णाचे, पालीत पुण्ण. 'मज्झिम निकाया'तल्या पुण्णोवाद सुत्तात तो सुनापरान्त देशी जायला निघतो. हा प्रदेश म्हणजे आपला अपरान्त, उत्तर कोकण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथले लोक तापट आहेत, शिव्या देतील, असे बुद्ध सांगतात. पूर्ण म्हणतो, हात उगारला नाही म्हणजे ते भलेच, असे मी समजेन. हात उगारला तर? ढेकूळ मारले नाही, हे चांगले. ढेकळानंतर काठी, काठीनंतर शस्त्र, आणि शेवटी मृत्यू. प्रत्येक पायरीवर पूर्णाचे उत्तर तयार आहे. आपल्याच मुलखाच्या स्वभावाबद्दलचे हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे मत वाचताना मला हसू येते आणि थोडे ओशाळायलाही होते.

बाहियाने मनातली भर ओळखायला शिकवले. पण समोरच्याने खरोखरच मुद्दाम मारले तर काय, या प्रश्नाला पूर्ण भिडतो. मात्र इथेच धोका आहे. सोसण्याचा उपदेश आपल्याकडे नेहमी दुबळ्याला केला जातो. 'सोशिक' हे विशेषण आपण सुनेला लावतो, सासऱ्याला नाही. बारा तास राबणाऱ्या कर्मचाऱ्याला तणावमुक्तीचे शिबिर मिळते, कामाचे तास तेवढेच राहतात. पूर्णाची गोष्ट अशा ठिकाणी वापरली तर ती अन्यायाची चाकरी करू लागते.

म्हणून 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथातला पूर्णाचा पूर्वेतिहास महत्त्वाचा आहे. तिथे पूर्ण सोपाऱ्यातल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा आहे, पण दासीच्या पोटचा. वाटणी होते तेव्हा भाऊ घरदार, शेती आणि दुकानाचा माल यांचे वाटे पाडतात, आणि पूर्ण हाच एक वाटा धरला जातो. त्याला वाटा मिळत नाही, तोच वाटा असतो. सुदैवाने तो ज्याच्याकडे जातो तो थोरला भाऊ त्याला माणूस मानतो. पुढे पूर्ण व्यापारात मोठा होतो, भिक्षू होतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. सोसण्याची भाषा करणारा हा माणूस मालमत्ता म्हणून मोजला गेलेला होता आणि त्याने ती वाट स्वतः निवडली होती. स्वतः निवडलेली सहनशीलता आणि लादलेली सहनशीलता यांत हाच फरक आहे.

मग बलवानाने काय करायचे? त्याचे उत्तर सोपाऱ्यात दगडावर कोरलेले सापडले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२मध्ये भातेळा तळ्याजवळ मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६मध्ये भुईगावात मिळाला. दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. ते फुटके असले तरी गिरनार, कालसी वगैरे ठिकाणच्या प्रतींमुळे पूर्ण आशय कळतो.

आठव्या लेखात अशोक म्हणतो की, पूर्वीचे राजे शिकार आणि करमणुकीसाठी विहारयात्रेला जात. आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटणे, दान देणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे, हे त्या यात्रेचे स्वरूप. नवव्या लेखाचा विषय आहे मंगल, म्हणजे आजच्या भाषेत स्वास्थ्य किंवा कल्याण. आजारपण, लग्नकार्य, मूल होणे, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे, असे तो म्हणतो. त्यात स्त्रियांना मारलेला टोला आज पटण्यासारखा नाही. पण पुढचे पटते. मोठे फळ देणारे मंगल कोणते? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, जीवांबद्दल संयम, दान. ही गोष्ट वडिलांनी, मुलाने, भावाने, धन्याने, मित्राने सांगावी. काही प्रतींत शेजाऱ्याचेही नाव आहे. यादीत नोकर सगळ्यांत आधी येतो, हे मला विशेष वाटते. आपले कल्याण आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाशी आपण कसे वागतो यावर ठरते, असे हा दगड सांगतो.

हा काही केवळ बौद्ध विचार नाही. पतंजलीच्या अष्टांगात आसन तिसरे आहे. त्याआधी यम आणि नियम. आणि यमात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. यांतले बहुतेक सगळे दुसऱ्या माणसाशी संबंधित आहे. चित्त प्रसन्न कसे होते, हे सांगतानाही पतंजली मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांकडे वळतो: सुखी, दुःखी, पुण्यवान आणि पापी माणसांकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो यावर मनाची प्रसन्नता अवलंबून आहे. २०१५पासून २१ जूनला आपण योग दिन पाळतो. तेव्हा मैदानावर आसने होतात. यमांची गाडी बहुधा स्टेशनवरच राहते.

वसई-विरारमध्ये आज या सगळ्याला मागणी आहे. वसाहतींच्या आवारात सकाळी योगवर्ग भरतात. खाडीपलीकडे गोराईला २००९मध्ये जागतिक विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. खांबांवाचून उभ्या असलेल्या त्या घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात. शनिवार-रविवारी अर्नाळा-कळंबच्या रिसॉर्टांत मन ताजे करायला मुंबईची माणसे येतात. ती आपल्या काळातली विहारयात्राच. यात वाईट काही नाही. रोज तीन-चार तास गाडीत घालवणाऱ्याला श्वासापाशी दहा मिनिटे बसावेसे वाटले, तर ते त्याने जरूर बसावे. मीही बसतो.

पण सोपाऱ्याचे साक्षीदार एकत्र ठेवले की एक क्रम दिसतो. बाहियाचे भान स्वतःच्या मनाचे. पूर्णाचे भान दुखावणाऱ्या माणसाचे. अशोकाचे भान आपल्या हाताखालच्या माणसाचे. पहिले नसेल तर पुढची दोन टिकत नाहीत, कारण चिडलेल्या मनाला समोरचा माणूस दिसतच नाही. आणि पुढची दोन नसतील तर पहिले फक्त आरामाचे साधन उरते.

हे तपासायला फार लांब जायला नको. पहाटेच्या गाडीने नालासोपारा-विरारहून शेकडो बायका बोरिवली, अंधेरीला घरकामाला जातात. त्यांतल्या कित्येकींच्या मालकिणी त्या वेळी योगवर्गाला गेलेल्या असतील. या दिवाळीत त्या घरकामाच्या बाईला लक्ष्मीपूजनाची सुट्टी पगार न कापता मिळाली का, फराळाच्या पुडीबरोबर महिन्याचा बोनस वेळेवर हातात पडला का, आणि गाडी चुकून तिला अर्धा तास उशीर झाला तेव्हा आपण आधी काय बोललो, एवढे प्रश्न पुरेत. घरात बाई ठेवणाऱ्यांनी हे आपल्यालाच विचारावेत. मी माझ्या घरी ते यंदापासून विचारायला घेतले आहेत.