विद्यापीठे बुडणार? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्यापीठ एकच काम करत नाही. शिकवणे, परीक्षा घेणे, पदवी देणे, संशोधन करणे आणि ऐन तारुण्यातल्या मुलामुलींना काही वर्षे एकमेकांच्या सहवासात ठेवणे, ही वेगवेगळी कामे तिथे एका छपराखाली चालतात. नवे तंत्रज्ञान किंवा नवा कायदा आला की ही सगळी कामे सारखीच हादरत नाहीत. एखादे मुळापासून उखडते, तर त्याच्या शेजारचे जागचे हलतही नाही. उच्च शिक्षणातील उलथापालथीबद्दलचे बहुतेक गैरसमज हा फरक न केल्यामुळे पसरले आहेत.

त्यांतला सर्वांत गाजलेला गैरसमज म्हणजे इंटरनेटवरचे फुकट वर्ग विद्यापीठांना टाळे लावणार. २०११ मध्ये स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम सर्वांना खुला झाला आणि सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली. पाठोपाठ युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्यासपीठे आली. ५० वर्षांत जगात उच्च शिक्षणाच्या दहाच संस्था उरतील, असे युडॅसिटीचे संस्थापक सेबॅस्टियन थ्रून यांनी सांगितले. अमेरिकेतील निम्मी महाविद्यालये दहा-पंधरा वर्षांत दिवाळखोरीत जातील, असे भाकीत हार्वर्डचे क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी केले. प्रस्थापितांना खालून पोखरणाऱ्या नवकल्पनांचा सिद्धांत मांडणारे तेच असल्याने त्यांच्या शब्दाला वजन होते.

प्रत्यक्षात २०१३ मध्ये सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर गणिताचे काही अभ्यासक्रम चालवून पाहिले. उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच कमी निघाले आणि काही महिन्यांतच प्रयोग थांबवावा लागला. एडएक्सवरील अभ्यासक्रमांच्या पाहणीत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे दिसले. २०२१ मध्ये टूयू या कंपनीने एडएक्स ८० कोटी डॉलरना विकत घेतले आणि २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तो टूयूनेच. भाकितातला 'दिवाळखोरी' हा शब्द खरा ठरला, फक्त पत्ता चुकला. अमेरिकेत छोटी खासगी महाविद्यालये बंद पडत आहेत हे खरे. पण घटलेली मुलांची संख्या, वाढती फी आणि कर्जाचा बोजा ही त्याची मुख्य कारणे आहेत. ऑनलाइन वर्गांतून घरी पोहोचले होते ते फक्त व्याख्यान. अभ्यासाला लावणारा धाक, अडल्यावर विचारायला माणूस आणि शेवटी मिळणारे मान्यतेचे कागद हे सारे विद्यापीठातच राहिले होते.

म्हणून ऑनलाइन शिक्षण कुचकामी आहे, असा उलटा निष्कर्षही टिकत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन सुरू केली तेव्हा खर्च सुमारे ७ हजार डॉलर होता आणि पदवी नेहमीचीच होती. तिच्यामुळे वर्ग ओस पडले का, याचा अभ्यास झाला, तेव्हा अर्जदारच वेगळे निघाले. वर्गातल्या पदवीसाठी अर्ज करणारा साधारण २४ वर्षांचा आणि बहुधा भारतातून नुकताच पदवीधर झालेला होता, तर ऑनलाइन पदवीसाठी अर्ज करणारा सुमारे ३४ वर्षांचा, नोकरी करणारा अमेरिकन होता. नव्या पद्धतीने जुना विद्यार्थी पळवला नव्हता. नोकरी सोडून शिकायला येणे ज्याला शक्यच नव्हते, त्याला तिने शोधले होते. १९६९ मध्ये स्थापन झालेले ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ आणि १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हेच करत आले आहेत.

विद्यापीठे कधी बदलतच नाहीत, ही समजूतही तितकीच रुजलेली आहे. १५२० पूर्वी स्थापन होऊन आजही ओळखू येतील अशा स्वरूपात टिकलेल्या पाश्चात्त्य संस्था सुमारे ८५ असल्याची नोंद अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ क्लार्क कर यांनी केली होती. त्यांतल्या ७० विद्यापीठे आहेत. मात्र त्या टिकल्या त्या बदलत बदलत. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. मुंबई विद्यापीठ पहिली कित्येक दशके स्वतः शिकवतच नव्हते. अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, एवढेच त्याचे काम होते. शिकवत होती ती एल्फिन्स्टनसारखी महाविद्यालये. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग विसाव्या शतकात उभे राहिले. शिकवणे एकीकडे आणि पदवी दुसरीकडे, ही आज क्रांतिकारक म्हणून मांडली जाणारी कल्पना महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुनी आहे.

या जुन्या रचनेची किंमत महाविद्यालये अजून मोजतात. शिकवणारा प्राध्यापक अभ्यासक्रम ठरवत नाही आणि प्रश्नपत्रिकाही बहुधा काढत नाही, त्यामुळे विषय बदलला तरी वर्ग बदलत नाही. त्यावरचा उपाय म्हणून १९७८ मध्ये तमिळनाडूतील काही महाविद्यालयांपासून स्वायत्ततेची सुरुवात झाली. स्वायत्त महाविद्यालय म्हणजे स्वतंत्र विद्यापीठ, हा मात्र गैरसमज आहे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल त्याच्या हाती येतात. पदवी मूळ विद्यापीठाचीच राहते. हाती आलेल्या अधिकाराचा उपयोग जुन्याच अभ्यासक्रमावर नवे मुखपृष्ठ चढवण्यापुरता झाला, तर स्वायत्तता कागदावरच राहते.

यंत्रे आली की बदल झाला, या समजुतीची किंमत मुंबईने २०१७ मध्ये चांगलीच मोजली. विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐनवेळी घेतला. स्कॅनिंग रखडले, प्राध्यापकांना नव्या पद्धतीचा सराव नव्हता, आणि कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेले विद्यार्थी ताटकळत राहिले. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पडद्यावर तपासणी ही कल्पना वाईट नव्हती; एखाद्या विद्याशाखेत चालवून न पाहता ती एकाच हंगामात सगळीकडे लावणे महागात पडले.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतील सदर्न न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे आहे. २००३ मध्ये पॉल लेब्लांक अध्यक्ष झाले तेव्हा ती काही हजार विद्यार्थ्यांची फारशी कोणाला ठाऊक नसलेली संस्था होती. त्यांनी ऑनलाइन शाखा मूळ आवारापासून वेगळी ठेवली आणि तिला स्वतःची माणसे व स्वतःचे नियम दिले, म्हणजे जुन्या समित्यांच्या संमतीसाठी प्रत्येक गोष्ट अडणार नाही. आज तिथले विद्यार्थी दीड लाखाच्या वर आहेत. मूळ महाविद्यालयही चालू आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला निबंध सॉफ्टवेअर पकडून देईल, हा सर्वांत ताजा गैरसमज. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. ते बनवणाऱ्या ओपनएआयने असे लेखन ओळखणारे स्वतःचे साधन काढले, पण अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की, अशी साधने इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे लेखनही सर्रास यंत्राचे ठरवतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यालाही हा धोका आहे. मुळात घरून लिहून आणलेला कागद शिकल्याचा पुरावा असतो, हेच कधी फारसे खरे नव्हते. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल उतरवून काढण्याची प्रथा चॅटजीपीटीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. इथे परीक्षेचे काम हलले आहे, शिकवण्याचे नव्हे. त्यामुळे उपाय परीक्षेतच आहेत: तोंडी परीक्षा, वर्गात समोर बसून लेखन आणि प्रकल्पाची टप्प्याटप्प्याने पाहणी. या सगळ्याला प्राध्यापकांचा वेळ लागतो, आणि रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर नेमलेल्यांकडून तो मिळणे कठीण असते.

बाजारात मागणी असलेले अभ्यासक्रम सुरू करणे म्हणजेच काळाबरोबर चालणे, हेही अर्धसत्य आहे. अभियांत्रिकीला आज प्रवेश घेणारा चार वर्षांनी बाहेर पडतो, मागणी मात्र आजची मोजलेली असते. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) एका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा काढल्यावर मोठ्या महाविद्यालयांना संगणकाच्या जागा वाढवता आल्या. पण त्या ओघात स्थापत्य आणि यंत्र शाखांच्या प्रयोगशाळा मोडल्या व अनुभवी शिक्षक गेले, तर मागणी परतल्यावर ते सारे लगेच उभे राहत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून २०२१ मध्ये आलेली श्रेयांक बँक आता पदव्या देणार, असेही अनेक पालकांना वाटते. ही बँक पदवी देत नाही. वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) ती विद्यार्थ्याच्या नावे सामान्यतः सात वर्षांपर्यंत जपते. पदवी संस्थाच देते, आणि निम्मे तरी श्रेयांक त्या संस्थेत मिळवलेले असावेत, असे २०२१ चे नियम सांगतात. दुसरीकडून आणलेला श्रेयांक वेळापत्रकात आणि गुणपत्रिकेत कसा बसवायचा, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात ठरते. तिथे तो बसला नाही, तर खात्यात जमा असूनही विद्यार्थ्याला तो वापरता येत नाही.