बसऱ्याच्या वाटेवरची मराठी पलटण

वरसाव्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसईची खाडी ओलांडतो. 1782 च्या सालबाईच्या तहानंतर हीच खाडी सरहद्द होती. अलीकडचं साष्टी बेट ईस्ट इंडिया कंपनी सरकारचं आणि पलीकडची वसई पेशव्यांची. कंपनीने साष्टी घेतली 1774 च्या अखेरीस. त्याआधी सहाच वर्षं, 1768 मध्ये, मुंबईच्या राखणीसाठी तिने देशी शिपायांची एक पलटण उभी केली होती. ही पलटण पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून नावारूपाला आली. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तिचं सरकारी नाव होतं 103 वी मराठा लाइट इन्फन्ट्री. मुंबई बेट सांभाळायला उभी राहिलेली ही पलटण आता टायग्रिस नदीच्या काठी, ऑटोमन तुर्कांविरुद्ध लढायला निघाली होती.

ती एकटी नव्हती. ‘सहावी पूना डिव्हिजन’ या नावाने जी फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली, तिच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती: 103 वी, 110 वी आणि 117 वी. शिपाई साताऱ्याकडचे, देशावरचे आणि कोकणातले. मराठ्यांच्या बरोबरीने दख्खनी मुसलमानही त्यांत होते.

तेलाच्या नळासाठी

ब्रिटिशांना इराकमध्ये काय हवं होतं? पहिलं उत्तर तेल. ब्रिटिश आरमाराची जहाजं कोळशावरून तेलाकडे वळत होती. इराणच्या डोंगरातून निघालेल्या तेलाची नळवाहिनी शत-अल-अरब नदीच्या मुखाजवळ, आबादानच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत येत होती. 1914 मध्येच ब्रिटिश सरकारने हे तेल काढणाऱ्या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला होता. समोरचा काठ तुर्कांचा. शिवाय इराणच्या आखातावरचा वचक सुटला तर हिंदुस्थानची वाट उघडी पडेल, हीही धास्ती होती.

16 ऑक्टोबर 1914 रोजी पहिली ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली. तिच्यात 117 वी मराठा पलटण होती. जहाजं आधी बहारीनपाशी थांबली. तुर्कस्तानशी युद्ध जाहीर होताच 6 नोव्हेंबरला फौज फाओला उतरली आणि 22 नोव्हेंबरला बसरा हाती आलं. तेल सुरक्षित झालं होतं. तिथेच थांबायला हरकत नव्हती.

पण विजय सोपे वाटू लागले की थांबायचं कुणी सुचवत नाही. 1915 च्या एप्रिलमध्ये शैबाची लढाई जिंकली. मेच्या अखेरीस पुराच्या पाण्यात ‘बेलम’ नावाच्या लांबट स्थानिक होड्यांतून शिपाई पुढे सरकले. जूनच्या सुरुवातीला अमारा पडलं, सप्टेंबरच्या अखेरीस कुत-अल-अमारा. सेनापती मेजर जनरल टाउनशेंड यांना आणि त्यांच्या वरिष्ठांना बगदाद खुणावू लागलं. रसद बसऱ्यापासून नदीमार्गे यायची, आगबोटी अपुऱ्या, दवाखान्याची सोय त्याहून अपुरी. तरीही हुकूम सुटला.

22 नोव्हेंबर 1915 रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांशी गाठ पडली. पूना डिव्हिजनचे सुमारे 4,600 जण ठार किंवा जखमी झाले. जखमींना बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांतून नदीपर्यंत आणलं गेलं आणि बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने निजवलं गेलं. बसऱ्याच्या धक्क्यावर इस्पितळ-जहाजाचे डॉक्टर मेजर कार्टर उभे होते. लांबून येणाऱ्या ‘मेजिदिये’ बोटीच्या कडांवरून दोर लोंबताहेत, असं त्यांना आधी वाटलं. बोट जवळ आली तेव्हा कळलं की ती विष्ठा आहे. हलताच न येणाऱ्या जखमींची घाण बोटीच्या कडेवरून ओघळून वाळली होती. कार्टर गप्प बसले नाहीत. त्यांची साक्ष चौकशी आयोगापुढे गेली. 1917 मध्ये आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

कुतचे 147 दिवस

टेसिफॉनहून माघारी फिरलेली फौज 3 डिसेंबरला कुतमध्ये शिरली. टायग्रिसच्या वळणात वसलेलं हे गाव, तिन्ही बाजूंनी पाणी. चार दिवसांत तुर्कांनी वेढा आवळला. तो सुटला नाही. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे 23,000 जण ठार-जखमी झाले तरी नाही.

आत धान्य संपत आलं, तसे घोडे आणि खेचरं कापली जाऊ लागली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारलं. जात-धर्माचा प्रश्न होताच, पण गावी परतल्यावर भाऊबंद काय म्हणतील, ही धास्तीही खरी होती. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीचे निरोप बिनतारी यंत्राने मागवले गेले, तरी पुष्कळ जण मूठभर पिठावरच दिवस काढत राहिले. हिरड्या सुजल्या, स्कर्व्हीने माणसं कोलमडली. अखेर एप्रिलमध्ये उपासमारीपुढे अनेकांनी घोड्याचं मांस तोंडात घातलं. त्याच महिन्यात विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. वेढलेल्या फौजेला हवाई मार्गाने रसद पुरवण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत.

29 एप्रिल 1916 रोजी कुत शरण गेलं. लढवय्ये आणि त्यांच्यासोबतचे कामकरी मिळून सुमारे 13,000 माणसं कैद झाली. भुकेने खंगलेल्या या माणसांना वाळवंटातून चालवत नेलं गेलं. वाटेत आणि पुढे अनातोलियातल्या रेल्वेच्या कामावर हजारो मेले. टाउनशेंड यांना मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावरचा बंगला मिळाला.

मुंबईचा धक्का, गावाची ओढ

युद्धाचा दुसरा चेहरा मुंबईत दिसत होता. नुकतीच बांधून झालेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, युद्धकाळात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली. वस्तुसंग्रहालय म्हणून तिचे दरवाजे उघडायला 1922 उजाडलं.

पलटणींत माणसं कमी पडू लागली तशी गावोगाव भरती वाढली. लोकमान्य टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. त्यांची अट होती. जो रक्त सांडतो त्याला अधिकाराचा हुद्दा आणि देशाला स्वराज्य मिळालं पाहिजे. 1917 पर्यंत हिंदी शिपाई कितीही शूर असला तरी सुभेदार-मेजरच्या वर चढू शकत नव्हता. जून 1918 मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्ध परिषदेत टिळक हाच मुद्दा मांडू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. ते सभा सोडून निघून गेले.

महार समाजाचा अनुभव याहून कडवट. कंपनीच्या काळापासून मुंबईच्या फौजेत महार शिपाई होते, पण 1890 च्या दशकात सरकारने त्यांची भरती बंद केली. समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये ती पुन्हा सुरू करण्यासाठी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. दाद लागली नाही. 1917 मध्ये माणसांची निकड भासली तेव्हा ‘111 वी महार’ ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच 1921 मध्ये मोडलीही गेली.

युद्ध संपलं, लढाई नाही

ऑक्टोबर 1918 मध्ये मेसोपोटेमियातल्या शरकतच्या लढाईत 114 व्या मराठा पलटणीने 28 शौर्यपदकं मिळवली. 117 वीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. पण शिपायांना घरी जायची मुभा नव्हती. ब्रिटिशांनी इराक ताब्यात ठेवलं, करवसुली सुरू केली, आणि 30 जून 1920 रोजी फुरात (युफ्रेटिस) नदीकाठच्या रुमैथा गावात उठाव झाला. एका शेखला तुरुंगात टाकल्याची ती ठिणगी होती. त्यानंतर रुमैथात वेढल्या गेलेल्या शिपायांत याच 114 व्या मराठा पलटणीचे शिपाई होते. 20 जुलैला त्यांची सुटका झाली. सातारा-कोकणातला शेतकरी, ज्याच्या स्वतःच्या देशात परक्यांचं राज्य होतं, तो इराकी शेतकऱ्याला त्याच परक्यांच्या राज्याखाली ठेवण्यासाठी लढत होता. या शिपायाच्या शौर्याबद्दल शंका नाही. ते कुणाच्या कामी आलं, हा प्रश्न मात्र त्याच्या पदकांइतकाच मोठा आहे.

आणि त्याचं नाव? बसरा स्मारक 1929 मध्ये उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या 40,000 हून अधिक जणांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे एक आकडा आला. 2021 मध्ये कॉमनवेल्थ युद्धस्मृती आयोगाने ही विषमता मान्य केली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. तिथले 46 जण या युद्धात कामी आले आणि गावाने त्यांची आठवण स्मारकासकट जपली. पुष्कळ गावांत मात्र चावडीच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर इतकंच आहे: या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. ती नावं सरकारने येऊन शोधावीत अशी वाट पाहण्याचं कारण नाही. पेटीच्या तळाशी पडलेलं चांदीचं युद्धपदक हातात घ्यावं आणि त्याची कड उजेडात फिरवून पाहावी. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते. हे चार तपशील घेऊन पलटणीचा माग काढता येतो आणि युद्धस्मृती आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत नाव शोधता येतं. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी हे काम हाती घेतलं, तर पाटीवरच्या आकड्यांखाली नावं लिहिणं आजही शक्य आहे.