शाळेची वाट – भाग ७ : डिसेंबरातला पेपर, डिसेंबरातला कापूस

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं की आठवीपर्यंत शाळा मुलाला पाठ्यपुस्तकं देते, दुपारी पोषण आहार देते आणि फी मागत नाही. शिक्षण हक्क कायद्याची ही सावली चौदाव्या वर्षी, म्हणजे साधारण आठवीत, संपते. नववीच्या पहिल्या दिवसापासून डबा घरचा आणि पुस्तकं विकतची. त्यातच पुष्कळ गावांची जिल्हा परिषद शाळा सातवी-आठवीलाच थांबते, म्हणजे पुढे एसटीने वणीला यायचं. पावसाळ्यात नाला ओलांडून फाट्यावर पोचायचं, कोळशाच्या ट्रकांची रांग सरकण्याची वाट पाहायची आणि पहिला तास बुडाला तर बाईंची बोलणी खायची. हा सगळा खर्च आणि त्रास ज्या वर्षी सुरू होतो, नेमका त्याच वर्षी पोराच्या हातांना मजुरीत भाव येतो.

वणी भागात दसरा-दिवाळीच्या आसपास शेतात सीतादही करून कापसाच्या पहिल्या वेच्याला सुरुवात होते आणि पुढचे तीन महिने गावाला उसंत नसते. वेचणीची मजुरी किलोवर असते. कमरेला ओटी बांधून माय पुढे आणि मागच्या तासात पोरगं. संध्याकाळी मालकाच्या अंगणात काटा लागतो, आणि काट्यावर वय कोणी विचारत नाही. आठवीतला एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत येईना म्हणून मी त्याच्या शिक्षकांबरोबर त्याच्या घरी गेलो होतो. आई चुलीपुढून उठली नाही. एवढंच म्हणाली, “पोरगं हुशार आहे सर, मले समजते. पण वेचाले दोन हात कमी पडते.” तिच्या बोटांची पेरं बोंडांच्या काट्यांनी सोललेली होती. त्या घराला शिक्षणाचं महत्त्व समजावून सांगायची गरज नव्हती. तिथे हिशेब बसत नव्हता.

हा हिशेब बसवण्यासाठीच केंद्र सरकारने २००८ मध्ये एक योजना आणली. नाव लांबलचक, ‘नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप’, म्हणून तिला सगळे ‘एनएमएमएस’ म्हणूनच ओळखतात. आठवीनंतरची गळती थांबवणं हा तिचा लेखी उद्देश आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०) या तिच्या अटी. पेपर दोन : एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय विषयांचा. प्रत्येकात ९० प्रश्न. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांत ४८,०००. देशभरात दरवर्षी एक लाख मुलांना ही शिष्यवृत्ती मिळते. त्यात महाराष्ट्राचा वाटा ११,६८२.

परीक्षा बहुधा डिसेंबरात होते. कापूसही डिसेंबरातच असतो. वेचणीला जाणाऱ्या घरचा मुलगा परीक्षेला बसतो तेव्हा एका रविवारची मजुरी जाते आणि त्याआधीच्या सरावाच्या कितीतरी संध्याकाळी जातात. म्हणून मला वाटतं, या योजनेचं खरं काम परीक्षेच्या दिवशी होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जो शिक्षक घरी जाऊन पोराला वेचणीतून सोडवून आणतो, तो ते करतो. असे शिक्षक वणी तालुक्यात आहेत. रविवारी शाळेचं कुलूप उघडून ते आकृत्यांची कोडी आणि संख्यामालिका सोडवून घेतात. त्यांच्या नावाने कुठे फलक लागत नाही.

आता साधा प्रश्न. वर्षाला १२,००० म्हणजे दिवसाला जेमतेम ३३ रुपये. वेचणीच्या हंगामात पोरगं याच्या कितीतरी पट कमावतं. मग या रकमेने ते शाळेत टिकतं कसं? मजुरीच्या तुलनेत पाहिलं तर उत्तर सापडत नाही. मजुरी हंगामी असते आणि घरात आल्याआल्या दुकानदाराच्या उधारीत जिरते. शिष्यवृत्ती मुलाच्या नावावर, त्याच्या खात्यात येते. वह्या, गाइड, बसचं भाडं, दहावीचा फॉर्म हे जे हजार-पाचशे ऐन वेळी उभे राहत नाहीत आणि ज्यापायी शाळा सुटते, ते त्यातून भागतात. दुसरं म्हणजे घरात त्या मुलाची जागा बदलते. “त्याले स्कॉलरशिप हाय,” असं बाप चारचौघांत सांगू लागला की त्याला बैलामागे पाठवताना घरचेच दोनदा विचार करतात. दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) मिळाले तरच अकरावीत रक्कम सुरू राहते, त्यामुळे अभ्यासाला बसलेल्या मुलाला उठवायला माय कचरते. पैसा कोणाच्या नावाने येतो याला महत्त्व असतं, हे बाहेरही दिसलं आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये मुलांच्या हजेरीशी जोडलेली रक्कम थेट आईच्या हातात द्यायला सुरुवात केली. माध्यमिक वर्गांत मुलींची रक्कम मुलांपेक्षा जास्त ठेवली. मुलींची पटनोंदणी वाढली ती त्याच वर्गांत.

पण पैसा यायला हवा तेव्हा यायला हवा, आणि दुखणं नेमकं इथेच आहे. एनएमएमएसची रक्कम वर्षातून एकदाच एकगठ्ठा येते. त्यासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, दरवर्षी त्याचं नूतनीकरण करायचं, खातं आधारशी जोडलेलं हवं. खर्च जूनमध्ये होतो आणि पैसे शाळेचं वर्ष सरता सरता, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर बापाने व्याजाने आणलेले असतात. मग शिष्यवृत्ती शाळेच्या कामी न येता सावकाराकडे जाते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड. त्यातला ‘दरमहा’ हा शब्द मला रकमेइतकाच महत्त्वाचा वाटतो. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळापासून. आज अकरावी-बारावीला त्या शिष्यवृत्तीत घरून येणाऱ्या मुलाला वर्षाला २,५०० आणि वसतिगृहातल्या मुलाला ४,००० रुपये भत्ता आहे. रक्कम छोटी असली की उशीर अधिकच झोंबतो.

छोट्या रकमांबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी राज्याने १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू केला : हजेरीच्या दिवसाला एक रुपया, वर्षाचे फार तर २२० रुपये. त्या वेळी त्या रुपयाला अर्थ होता. पुढे वर्षानुवर्षं तो एक रुपयाच राहिला. मुलीच्या हजेरीची किंमत एवढीच, असा निरोप त्यातून घरी जातो आणि मला तो सहन होत नाही.

झरी, मारेगावच्या कोलाम पोडांवरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरची, स्थिती आणखी वेगळी. घरात कोलामी बोलली जाते आणि परीक्षा कोलामीत नसते. पोडावरची जी मुलं शासकीय निवासी आश्रमशाळेत शिकतात, ती नियमाने एनएमएमएसला पात्रच नाहीत, कारण त्यांचं राहणं-जेवण सरकार करतं. सुट्टीत घरी गेलेलं पोर परत यायला एसटीचे पैसे नाहीत म्हणून थांबलं, तर त्याची तरतूद या नियमात नाही.

वणीच्या आसपासच्या आठवीच्या वर्गशिक्षकांना म्हणून एक विनंती. ऑगस्टमध्येच प्रत्येक मुलाचं नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकात एकच आहे का, हे समोर तिन्ही ठेवून, अक्षर अक्षर ताडून पाहा. माझ्या माहितीतल्या एका मुलीचं नाव एका ठिकाणी ‘वैष्णवी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वैशनवी’ होतं. निवड होऊनही ती पहिल्या वर्षाच्या रकमेला मुकली. वडील तीनदा मजुरी बुडवून तालुक्याला गेले आणि चौथ्यांदा गेलेच नाहीत. उत्पन्नाचा दाखलाही आधीच काढून ठेवा. दिवाळीनंतर पालक शेतात असतात, सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायला घरी कोणी उरत नाही.

पुढच्या आठवड्यात वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांची स्वाधार आणि स्वयम् योजना.